पॉइंट बत्तीस वॉडकटर: इंदूरच्या नेमबाजांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरात पोर एअर पिस्तूल शिकायला लागले की प्रश्न सुरू होतात. ते .२२ वर गेले (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) की प्रश्न वाढतात. आणि रेंजवर शेजारच्या लेनमधल्या दादाच्या हातात .३२ दिसले की आई-बाबा, काका, आजोबा सगळेच विचारायला येतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. हे काडतूस मला फार आवडते, त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

.३२ वॉडकटर म्हणजे नेमके कोणते काडतूस?

पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पितळी पुंगळीची लांबी सुमारे २३.४ मिलिमीटर आणि गोळीचा व्यास ७.९ मिलिमीटर. स्पर्धेत वापरली जाणारी गोळी साधारण ९८ ते १०० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची असते. वेग सेकंदाला २०० ते २४० मीटरच्या आसपास. आवाजाचा वेग याच्या कितीतरी पुढे आहे, त्यामुळे .३२ चा बार मोठा असला तरी भरधाव गोळीचा तो कानठळ्या बसवणारा फटका त्यात नसतो. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, तिला रिम म्हणतात. प्राइमर, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणारा मसाला, बुडाच्या मध्यभागी बसवलेला असतो, म्हणून हे सेंटर फायर काडतूस. .२२ मध्ये तो मसाला कडेतच भरलेला असतो, म्हणून ते रिमफायर.

हे तर रिव्हॉल्व्हरचे काडतूस. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलात कसे आले?

जन्म रिव्हॉल्व्हरसाठीच झाला. १८७८ मध्ये स्मिथ अँड वेसनने आखूड .३२ काढले होते. १८९६ मध्ये त्याचीच पुंगळी लांबवून हे काडतूस तयार झाले, आणि ते ज्या रिव्हॉल्व्हरसाठी बनवले ते कंपनीचे पहिले हँड इजेक्टर मॉडेल. सुरुवातीला त्यात काळी दारू असे, पुढे धूररहित दारू आली. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्क पोलिसांचे आयुक्त होते. त्यांनी शिपायांसाठी कोल्टचे न्यू पोलीस रिव्हॉल्व्हर ठरवून दिले. कोल्टला प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या मालावर नको होते, म्हणून जवळपास याच काडतुसाला त्यांनी .३२ कोल्ट न्यू पोलीस असे नाव देऊन टाकले.

पोलिसांच्या कामासाठी ते हळूहळू अपुरे ठरले आणि .३८ ने त्याची जागा घेतली. ते तिथेच संपायचे. पण दरम्यान नेमबाजांच्या लक्षात आले होते की हे काडतूस विलक्षण अचूक आहे आणि हाताला धक्का फार कमी देते. युरोपातल्या कारागिरांनी मग उलटा विचार केला: काडतूस हेच ठेवायचे आणि त्याच्याभोवती पिस्तूल बांधायचे. वाल्थरचे जीएसपी १९६८ मध्ये .२२ साठी आले. त्याचे .३२ रूप म्हणजे जीएसपी-सी. मॅगझिन मुठीत न ठेवता ट्रिगरच्या पुढे, पाच गोळ्यांचे, आणि नळी हाताच्या जितकी जवळ आणता येईल तितकी खाली. नळी खाली असली की गोळी सुटताना तोंड वर उसळण्याचे प्रमाण कमी होते. पुढे इटलीच्या पार्दिनी, फास आणि बेनेलीने, स्वित्झर्लंडच्या हॅमर्ली आणि मोरिनीनेही .३२ ची पिस्तुले काढली. सोव्हिएत नेमबाजांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी नागांत पद्धतीचे तोझ-३६ हे रिव्हॉल्व्हरच स्पर्धेसाठी घडवले.

एक तांत्रिक गोष्टही पथ्यावर पडली. या काडतुसाचा दाब फार कमी असतो. अमेरिकन मानकात त्याची कमाल मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, ९ मिलिमीटरची ३५,०००. इतक्या कमी दाबाला बंद करून ठेवणारी गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. बोल्टचे (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचे) वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर काम भागते आणि नळी जागची हलत नाही. न हलणारी नळी म्हणजे प्रत्येक गोळी त्याच जागेवरून निघणार.

गोळीचे तोंड सपाट का? तुटलेली तर नाही ना?

नाही, ती तशीच घडवलेली असते. वॉडकटर म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ, समोरून सपाट असा शिशाचा दंडगोल. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा दातेरी राहतात, आणि मग ती रेघेला लागली की नाही यावर वाद. सपाट तोंडाची गोळी पंचमशीनसारखे स्वच्छ गोल भोक पाडते. आज मोठ्या स्पर्धांमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, तरी सरावाला कागद आहेच.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी ही गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवतात, बाहेर काहीच दिसत नाही. त्यामुळे काडतूस आखूड होते आणि पिस्तुलाचे मॅगझिनही त्याच मापाने आखूड बनवलेले असते. म्हणजे गोल नाकाचे .३२ लाँग काडतूस या मॅगझिनमध्ये बसणारच नाही. दुकानातून "बत्तीस" एवढेच सांगून आणू नका, डब्यावर वॉडकटर लिहिले आहे का ते पाहा.

एवढे हलके काडतूस का? .३८ जास्त चांगले नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः घरातल्या पुरुष मंडळींकडून.

हे काडतूस ज्या स्पर्धेत वापरतात तिचे नावच सेंटर फायर पिस्तूल. तिच्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे कुठलेही कॅलिबर (गोळीच्या जाडीचे माप) चालते, मॅग्नम, म्हणजे जास्त जोराची काडतुसे, सोडून. म्हणजे .३८ ला मनाई नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये मॉडेल ५२ हे .३८ वॉडकटरचे सुंदर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल काढले होते, त्याचेही मॅगझिन पाच गोळ्यांचे. वरवर पाहता मोठ्या गोळीचा फायदाही दिसतो. मोठे भोक आतल्या रेघेला लवकर टेकते, मग गुण वाढणार.

पण आंतरराष्ट्रीय नियमात एक बारकावा आहे आणि तो माहीत असला की .३२ चे सगळे कोडे सुटते. कागदावर गुण मोजताना सेंटर फायरमध्ये गेज (भोकात घालून पाहायचे मोजमापाचे साधन) ९.६५ मिलिमीटरचेच लावतात, गोळी कुठल्याही कॅलिबरची असो. मोठ्या गोळीचा फायदा त्या क्षणी संपतो. मग मागे उरतो फक्त धक्का, आणि धक्का कोणालाच नको असतो. जोराने दाबलेले पिस्तूल, उडालेले मनगट, बारच्या भीतीने गोळी सुटण्याआधीच आवळलेली बोटे, यातून आठ आणि नऊ येतात.

आकड्यांत सांगायचे तर .३२ वॉडकटरची ऊर्जा साधारण दीडशे जूल, ९ मिलिमीटरची पाचशेच्या घरात. .२२ पिस्तुलातून सव्वाशेच्या आसपास मिळते. म्हणजे ऊर्जेत .३२ हे .२२ च्या शेजारचे आहे, पण गोळीचे वजन अडीच पट असल्याने हाताला जाणवणारा रेटा पावणेदोन पटींच्या आसपास असतो. .२२ वर नीट तयार झालेला हात हा रेटा थोड्या सरावात पचवतो. टार्गेटवर जाऊन कुणाला पाडायचे नाही, पुढची गोळी वेळेत आणि त्याच जागी टाकायची आहे. त्या कामासाठी याहून चांगले सेंटर फायर काडतूस मला माहीत नाही.

स्पर्धा कशी खेळतात?

अंतर २५ मीटर, एकूण ६० गोळ्या, जास्तीत जास्त ६०० गुण. पहिल्या ३० गोळ्या प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या: पाच-पाचच्या सहा सिरीज, प्रत्येकीला पाच मिनिटे. दहाचे वर्तुळ फक्त ५ सेंटिमीटर व्यासाचे.

दुसऱ्या ३० गोळ्या रॅपिडच्या, आणि खरी कसोटी इथे. हात ४५ अंशांत खाली. लाल दिवा सात सेकंद. हिरवा लागला की तीन सेकंदांत हात वर, साइट जुळवायची, एक गोळी, हात पुन्हा खाली. असे पाच वेळा झाले की एक सिरीज. दहाचे वर्तुळ इथे १० सेंटिमीटरचे असते, म्हणून बघणाऱ्याला सोपे वाटते. बाबा लोकांना मी नेहमी सांगतो, घरी रिकामा हात घेऊन भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे असे पाच वेळा उचलून बघा आणि कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा.

ट्रिगरचे वजन कमीत कमी एक किलो, पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड नको, आणि ते ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. नेम एकाच हाताने धरायचा, मनगटाला कुठलाही आधार नाही.

राही सरनोबतची २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल स्पर्धा पाहिली असेल तर हा आराखडा ओळखीचा वाटेल. महिलांची ती स्पर्धा आणि पुरुषांची सेंटर फायर यांची पात्रता फेरी सारखीच आहे, फक्त महिलांचे काडतूस .२२. आपल्या कोल्हापूरच्या राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच तीन सेकंदांच्या शिस्तीवर.

ऑलिंपिकमध्ये आहे का?

नाही. जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. २०१८ पासून आशियाई स्पर्धेतही ती नाही, आणि राष्ट्रकुलमधूनही ती गेली. ज्या देशाने या प्रकारात इतकी पदके घेतली त्याच्यासाठी हे दुःखाचे आहे. पदक नसले की सरकारी मदत आटते, मदत आटली की काडतुसे येत नाहीत आणि मग पोरे त्या प्रकाराकडे वळत नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेत ती अजून खेळली जाते आणि ती खेळत राहावी असे मला कळकळीने वाटते.

भारताने यात काय मिळवले?

पहिले नाव जसपाल राणा. १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सेंटर फायरचे सुवर्ण. बारा वर्षांनी, २००६ मध्ये दोहाला, अंगात ताप असताना ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी आणि पुन्हा सुवर्ण. ६० गोळ्यांत फक्त दहा गुण गमावणे म्हणजे काय हे रॅपिडची एक सिरीज खेळलेल्या माणसाला विचारा. आज लोक त्यांना मनू भाकरचे प्रशिक्षक म्हणून ओळखतात, पण आमच्या पिढीसाठी जसपाल म्हणजे सेंटर फायर.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत हरप्रीत सिंगला सुवर्ण आणि विजय कुमारला रौप्य मिळाले, आणि दोघांनी मिळून जोडीचेही सुवर्ण घेतले. २०१४ मध्ये इंचॉनला विजय कुमार, गुरप्रीत सिंग आणि पेम्बा तमांग यांच्या संघाने रौप्य मिळवले. आणि २०२५ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत गुरप्रीत सिंगचे गुण युक्रेनच्या पावलो कोरोस्तिलोव्हएवढेच, ५८४, भरले. फक्त आतल्या दहांच्या (दहाच्या वर्तुळातल्या आणखी लहान वर्तुळात लागलेल्या गोळ्यांच्या) मोजणीत सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले.

विजय कुमारचे लंडनचे पदक .३२ चे होते का? तो महूचाच ना?

विजय कुमार मूळचा हिमाचलचा, डोगरा रेजिमेंटचा. पण नेमबाज म्हणून तो घडला महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये, आपल्यापासून तासाभराच्या आत. त्यामुळे इंदूरकर त्याला आपला मानतात आणि मला ते योग्यच वाटते.

लंडन ऑलिंपिकमध्ये ३ ऑगस्ट २०१२ रोजी मिळालेले रौप्य मात्र २५ मीटर रॅपिड फायर या वेगळ्या स्पर्धेचे, आणि त्याचे काडतूस .२२ लाँग रायफल. अंतिम फेरीत क्यूबाच्या लेउरिस पुपोने ३४ आणि विजयने ३० अचूक मारले. रॅपिड फायरमध्ये २००४ पर्यंत .२२ शॉर्ट हे त्याहून हलके काडतूस वापरत, नंतर नियम बदलला. पण वर सांगितलेली नावे पुन्हा वाचा. रॅपिड फायरचा माणूस सेंटर फायरमध्येही उभा असतोच. वेळेत उचलणे, वेळेत थांबणे, ट्रिगर न झटकणे, हे दोन्हीकडे तेच.

आजोबांच्या कपाटात .३२ रिव्हॉल्व्हर आहे. तेच काडतूस का?

बहुतेक वेळा हो, कुटुंब तेच, .३२ लाँग. कानपूरच्या सरकारी कारखान्यात जुन्या वेब्ली घाटाचे .३२ रिव्हॉल्व्हर बनते, २०१४ मध्ये आलेले निर्भीकही याच काडतुसाचे. पुंगळीच्या बुडावर केएफ अक्षरे दिसली तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले. तो कारखाना १८६९ पासून आहे.

पण कपाटातल्या रिव्हॉल्व्हरने स्पर्धा खेळायचा विचार सोडा. आखूड नळी, जड ट्रिगर, न सरकणारी मागची साइट. शिवाय जुनी काडतुसे नव्या पिस्तुलात, किंवा पिस्तुलाची रिव्हॉल्व्हरमध्ये, स्वतःच्या मनाने घालून पाहू नका. जाणत्या आर्मररला, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा.

आजोबा हयात नसतील तर आधी एक काम करा. परवाना त्यांच्या नावावर होता, तुमच्या नाही. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. "आठवण म्हणून ठेवले आहे" हे उत्तर शस्त्र कायद्यापुढे चालत नाही.

भारतात जिकडेतिकडे .३२ च का दिसते?

इंग्रजांनी लष्कराच्या कॅलिबरची हत्यारे लोकांच्या हाती जाऊ दिली नाहीत. फौजेतून चोरलेली काडतुसे बाहेर कामी येऊ नयेत, हा हेतू. स्वातंत्र्यानंतरही ती विभागणी राहिली: .३०३, .३८, .४५५, ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारी कॅलिबरे. .३२ लष्कराचे नव्हते म्हणून ते मोकळे राहिले.

.३२ एसीपी हे वेगळे आहे का?

पूर्णपणे वेगळे. ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास ते खिशातल्या पिस्तुलांसाठी काढले, पुंगळी १७ मिलिमीटरची. त्याला ७.६५ म्हणतात आणि रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाही आपल्याकडे ७.६५ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. परवान्यावर आणि डब्यावर पूर्ण नाव जुळवा, आकडा नको.

पिस्तूल सारखे अडकते. काडतूस खराब आहे का?

आधी मॅगझिन कसे भरले ते पाहा. रिमवाले काडतूस मॅगझिनमध्ये घालणे मुळातच अवघड काम. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे गेली तर बोल्ट वरचे काडतूस ढकलतो तेव्हा ते खालच्याला ओढत नेते आणि दोन्ही अडकतात. पाचच गोळ्या भरायच्या असतात, प्रत्येक बोटाने मागे-पुढे चाचपून भरा. दुसरे कारण म्हणजे शिसे आणि मेण यांचा थर. वॉडकटर गोळीला तांब्याचे कवच नसते, त्यामुळे चेंबर आणि बोल्टचे तोंड लवकर मळते. तिसरे कारण सैल मनगट. बोल्टला मागे यायला स्थिर हात लागतो.

स्पर्धेत अडकले तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत काही छेडायचे नाही. वळून सरांकडे बघताना नळीही वळते. रेंजवर यापेक्षा मोठा गुन्हा नाही.

माझ्या मुलाला .३२ कधी द्यायचे?

एअर पिस्तुलावर पाया पक्का होऊ द्या, मग .२२ वर स्टँडर्ड पिस्तूल खेळू द्या, आणि तीन सेकंदांत त्याचा हात न घाबरता उठू लागला की मग .३२. हा क्रम मोडलेली मुले मी पाहिली आहेत. बारच्या आवाजाच्या भीतीने डोळे मिटायची सवय एकदा लागली की ती काढायला, शिकायला लागला त्याहून जास्त वेळ जातो.

कायद्याचेही पाहावे लागते. स्वतःच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवे. त्याहून लहान खेळाडू देखरेखीखाली, रेंजवर, प्रशिक्षणापुरते हत्यार वापरू शकतात. चांगली वॉडकटर काडतुसे बाहेरदेशी बनतात: लापुआ फिनलंडची, फिओकी इटलीची. ती स्वस्त नाहीत. महिन्याचा खर्च आधी प्रशिक्षकाबरोबर बसून काढा, मग मुलाला शब्द द्या.

शिसे अंगात जाते का? आणि इंदूरच्या हवेत काडतुसे कशी ठेवायची?

जाते, आणि ही गोष्ट गंभीरपणे घ्या. सराव संपला की पोहे-जिलबीच्या ठेल्यावर जाण्याआधी गार पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवायचे. रेंजवर खायचे नाही. रेंजचे कपडे घरच्या लहान बाळापासून लांब ठेवायचे आणि वेगळे धुवायचे. बंद रेंज असेल तर हवा बाहेर खेचणारे पंखे चालू आहेत का ते विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

काडतुसे मूळ डब्यात, कोरड्या आणि कुलूपबंद जागी, पिस्तुलापासून वेगळी ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ती तासन्‌तास ठेवू नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पितळेवर हिरवट डाग किंवा गोळीवर पांढरी भुकटी दिसली तर ते काडतूस बाजूला काढा आणि सरांना द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

जुनी हत्यारे जवळून बघायला कुठे मिळतील?

इंदुरात सीमा सुरक्षा दलाच्या सीएसडब्ल्यूटी या शस्त्र-प्रशिक्षण शाळेत शस्त्रसंग्रहालय आहे, आणि महूला इन्फंट्री म्युझियम. रिव्हॉल्व्हरपासून सेमी-ऑटोमॅटिकपर्यंतचा प्रवास मुलांना पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतो. दोन्ही ठिकाणे सुरक्षा दलांच्या आवारात आहेत, तेव्हा प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या आणि सगळ्यांची ओळखपत्रे बरोबर ठेवा.